गांजा, आपली मुले आणि औषधी पुड्या



मुलाच्या दप्तरात गांजाची पुडी सापडते. त्या रात्री घरात कोणी धड जेवत नाही. वडील ओरडतात, आई रडते, मुलगा खोलीचे दार लावून बसतो. दुसऱ्या दिवशी आई कोणाला काही न सांगता काष्ठौषधीच्या दुकानात जाते. ब्राह्मीचे चूर्ण, अश्वगंधाच्या गोळ्या, 'रक्त शुद्ध करणारा' काढा असे काहीबाही घेऊन येते आणि दुधातून मुलाला देऊ लागते. हे कशासाठी, ते मुलाला कोणी सांगत नाही. घरात त्या पुडीचा विषय पुन्हा निघत नाही.

अशी घरे आपल्या ओळखीची आहेत. त्या आईला आम्ही दोष देत नाही. काहीतरी करावे असे तिला वाटते आणि चारचौघांत वाच्यता नको असते. पण त्या पुड्यांनी खरेच काही साधते का, हे तिला कोणीतरी सांगायला हवे. म्हणून आजच्या पाठात आपण तीन गोष्टी पाहू : गांजा कोवळ्या मेंदूचे काय करतो, नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक औषधांचा कितपत उपयोग आहे, आणि मूल खरोखर कशाने सावरते.

१. गांजा मेंदूत काय करतो?

माणसाच्या मेंदूची घडण पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. पुढचा विचार करून स्वतःला आवरणारा, कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो. झोप, भूक, स्मरण आणि भावना यांचा तोल राखण्यासाठी आपले शरीर काही द्रव्ये स्वतःच अल्प प्रमाणात तयार करते. गांजातील टीएचसी हे द्रव्य त्यांच्याच जागा अडवते. रोज गांजा ओढणाऱ्याच्या मेंदूत या जागा हळूहळू कमी होतात. मग अभ्यास डोक्यात राहत नाही, सकाळी उठवत नाही, कशातच रस वाटत नाही.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांची अनेक वर्षे पाहणी झाली. किशोरवयात गांजा सुरू करून पुढे वर्षानुवर्षे ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यांक वयाच्या ३८ व्या वर्षी घसरलेला दिसला, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून मात्र असे दिसले की, या घसरणीत घरच्या परिस्थितीचाही वाटा असावा. तेव्हा धोका खरा आहे. पण "तुझा मेंदू जळून गेला" असे मुलाला कधी सांगू नये. ते खरे नाही, आणि तसे ऐकलेल्या मुलाला सोडण्याचे कारणच उरत नाही.

एक धोका मात्र गंभीर आहे. लहान वयात, रोज आणि कडक गांजा ओढणाऱ्यांत भ्रम आणि संशयाच्या मानसिक आजाराचे प्रमाण अधिक आढळते. घराण्यात असा आजार असेल तर विशेष जपावे. मुलाला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, कोणीतरी आपल्या मागावर आहे असे तो म्हणू लागला, तर काढा देत बसू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.

२. पूरक औषधांचे काय?

सर्वांत अधिक तपासले गेलेले द्रव्य म्हणजे एन-ॲसिटाइलसिस्टीन. हे पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर रुग्णालयात देतात. अमेरिकेत १५ ते २१ वर्षांच्या ११६ मुलामुलींवर याची चाचणी झाली. रोज दोन वेळा १२०० मि.ग्रॅ. घेणाऱ्यांच्या लघवीत गांजा न आढळण्याची शक्यता दुप्पटीहून अधिक दिसली, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पण या मुलांना दर आठवड्याला समुपदेशन होते आणि गांजापासून दूर राहिल्याबद्दल बक्षिसेही होती. पुढे ३०२ प्रौढांवर तीच चाचणी झाली, तेव्हा २०१७ च्या अहवालात औषध आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. तेव्हा पहिल्या यशाचे श्रेय एकट्या गोळीला देता येत नाही.

माशाच्या तेलाची कहाणीही अशीच आहे. मानसिक आजाराच्या उंबरठ्यावर असलेल्या ८१ तरुणांवर व्हिएन्नात झालेल्या प्रयोगाने २०१० मध्ये मोठी आशा दाखवली. मात्र अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीत, २०१७ मध्ये, ती टिकली नाही. बांगडा आणि तारली जेवणात जरूर असावेत, ते चांगले अन्न आहे. पण ते गांजावरचे औषध नव्हे.

ब्राह्मीने स्मरणशक्ती थोडी सुधारते असे काही लहान अभ्यास सांगतात. ते मुख्यतः प्रौढांवरचे आहेत, गांजा ओढणाऱ्या मुलांवरचे नव्हेत. अश्वगंधा घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी निरनिराळ्या देशांत झाल्या आहेत. गांजाचा उतारा म्हणून काहीजण वेखंड सुचवतात. बाळगुटीत उगाळलेले वेखंड आपल्या ओळखीचे आहे, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. पण वेखंडाच्या तेलाने उंदरांना कर्करोग झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. हा अहवाल २००८ चा आहे. सर्वच औषधे तशी नसतात, हे खरे. पण झाडपाल्याचे आहे म्हणून अपाय होणार नाही, ही समजूत बरोबर नाही.

'शरीर धुऊन काढणाऱ्या' पेयांवर पैसे घालवू नयेत. टीएचसी चरबीत साठते आणि आपल्या गतीनेच बाहेर पडते. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते काही आठवडे सापडते. लिंबू किंवा ताक पिऊन ते लवकर जात नाही.

३. मग मूल सावरते कशाने?

इथे आनंदाची बातमी आहे. रोज गांजा ओढणाऱ्या प्रौढांच्या मेंदूतील त्या कमी झालेल्या जागा सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर बऱ्याच अंशी पूर्ववत झाल्याचे २०१२ च्या तपासणीत दिसले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील तज्ज्ञांनी १६ ते २५ वर्षांच्या ८८ जणांची पाहणी केली. महिनाभर गांजा सोडलेल्यांची नवे शिकून लक्षात ठेवण्याची शक्ती सुधारली आणि ही सुधारणा मुख्यतः पहिल्याच आठवड्यात झाली, असे त्यांनी २०१८ मध्ये नोंदवले. एकाग्रतेत मात्र तसा फरक पडला नव्हता. म्हणजे सगळेच महिन्याभरात भरून येत नाही. पण जे भरून येते ते गांजा सोडल्याने.

सोडताना मुलाला त्रास होतो, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. एकदोन दिवसांत चिडचिड सुरू होते. झोप लागत नाही, विचित्र स्वप्ने पडतात, भूक मरते. पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो. दोनतीन आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. नेमक्या याच दिवसांत घरात भांडण पेटते आणि मुलगा पुन्हा मित्रांकडे जातो. या दिवसांत त्याला वेळेवर जेवण, ठरलेल्या वेळी झोप आणि रोज घाम येईल इतकी हालचाल हवी. फुटबॉल, सायकल, वाडीतले काम, काहीही चालेल. अमेरिकेतील एका अगदी लहान प्रयोगात १२ प्रौढांनी दोन आठवड्यांत दहा वेळा अर्धा अर्धा तास व्यायाम केला, तेव्हा त्यांचे गांजा ओढणे निम्म्याहून कमी झाले.

आणि हवे ते बोलणे. "का केलेस?" यापेक्षा "कधी ओढावेसे वाटते?" हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. कोणी परीक्षेच्या भीतीने ओढतो, कोणी झोप यावी म्हणून, कोणी घरातली भांडणे ऐकू येऊ नयेत म्हणून. ते कारण दुधातल्या चूर्णाने जात नाही. मुलाला न सांगता औषध तर कधीच देऊ नये. त्याला ते कळले की, उरलासुरला विश्वासही जातो. एखादे पूरक औषध द्यायचेच असेल तर मुलाला सांगून आणि डॉक्टरांना विचारून द्यावे. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर हे विशेष आवश्यक आहे.

४. मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेली मानस' १४४१६ या क्रमांकांवर फोन करता येतो. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे केंद्र वसईतही आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. गांजा बाळगणे हा १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून पुष्कळ पालक उपचाराला जायलाही घाबरतात. पण अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बाप मुलाची चाहूल लागताच धावत पुढे गेला. आपली मुले तर दूर देशीही गेलेली नाहीत. ती पलीकडच्या खोलीत दार लावून बसली आहेत. दार आपणच वाजवायचे आहे.

समूहात चर्चेसाठी :
१) आपल्या घरात मुले आपली चूक न घाबरता सांगू शकतात का?
२) आपल्या वाडीतील मुलांना संध्याकाळी खेळायला जागा आणि सोबत आहे का? नसेल तर आपण काय करू शकतो?
३) एखाद्या घरात हे संकट आले, तर आपण त्या घराविषयी बोलतो की त्या घराशी बोलतो?