स्कूटीचं पुढचं चाक घुरघुरतंय? बेअरिंग आपण बदलू शकतो



आपल्या बँक सखी, पशु सखी, ग्रामसंघाच्या लेखापाल ताई आता स्कूटीवर फिरतात. एका दिवसात दोन-तीन गावं, वाटेत ओढा, मागच्या सीटवर आणखी एक ताई नाही तर खाद्याचं पोतं. पेट्रोल आणि हवा आपण बघतोच. पण चाक ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याची आठवण चाक डुगडुगायला लागल्यावरच येते.

बेअरिंग म्हणजे एकात एक बसलेल्या दोन पोलादी कड्या आणि मधे छर्रे. आतली कडी एक्सलवर बसते, बाहेरची चाकाच्या हबमध्ये घट्ट ठोकलेली असते. छर्रे आणि त्यांची वाट गुळगुळीत आहे, मधे ग्रीस आहे, तोवर चाक हलकं फिरतं. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली, किंवा धुताना पाण्याचा जोराचा फवारा थेट हबवर मारला, की पाणी-माती आत शिरते, ग्रीस धुऊन जातं आणि वाट खडबडीत होते. जात्याची मधली खीळ झिजली की वरचा दगड कसा डुगडुगतो? तसंच.

बेअरिंग जाण्याआधी सांगून जातं. वेग वाढला की पुढून ‘घुर्रर्र’ वाढते आणि ॲक्सिलेटर सोडला तरी लगेच थांबत नाही. तपासायचं असेल तर गाडी डबल स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करा. एका हाताने फोर्क धरा, दुसऱ्याने चाक डावी-उजवीकडे हलवा. फोर्क स्थिर आणि चाक मात्र खटखट हलतंय, तर बेअरिंग गेलं. मग चाक फिरवा आणि फोर्कवर तळहात ठेवा. आत वाळू दळल्यासारखी थरथर हाताला कळते. नुसतं ‘सूं सूं’ येत असेल तर बहुधा ब्रेकचे शूज घासताहेत, ते काम वेगळं. दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी एवढं बघून घ्यायला पाच मिनिटं लागतात. असं चाक तसंच दामटलं तर हबमधली बेअरिंगची जागाच झिजते आणि मग अख्खा हब बदलावा लागतो. उतारावर ते जाम झालं तर काय होईल ते सांगायला नको.

आता सामान. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो वाचूनच दुकानात मागा. उदाहरणार्थ ६२०१: आतलं भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३२, जाडी १०. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढचे असले तर पाचने गुणा, भोक मिळतं. ६२०४ म्हणजे २० मिलिमीटर. (गिरणीच्या, कडबाकुट्टीच्या बेअरिंगलाही हा हिशेब चालतो.) पुढे ‘झेडझेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, ‘टू आरएस’ असेल तर रबराचं. आपल्या चिखलाच्या रस्त्यांना रबराचं बरं. हबमध्ये दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग असतं आणि दोघांचे नंबर वेगळे असू शकतात. बदलायची तर दोन्ही बदला, सोबत ऑइल सील आणि एक्सलचा नवा नट घ्या, आणि बिल घ्या. नकली माल खूप आहे.

ही माहिती ड्रम ब्रेकच्या पुढच्या चाकापुरती आहे. दोघी मिळून करा. पदर खोचा, डोळ्यांना चष्मा लावा, कारण पोलादाची कपची उडते. चाक जमिनीवर असतानाच एक्सलचा नट थोडा ढिला करा. गाडी उचलल्यावर जोर लावला तर ती स्टँडवरून घसरते. मग मागच्या चाकाला दगड लावा, पायदानाखालच्या लोखंडी सांगाड्याला लाकडी ठोकळ्याचा टेका द्या आणि एकीने हँडल धरून ठेवा. ब्रेकची केबल, आणि असेल तर मीटरची केबल सोडवा, एक्सल ओढून काढा. दोन्ही बाजूंच्या छोट्या नळ्या कुठून निघाल्या त्याचा मोबाइलवर फोटो काढा. ब्रेकच्या प्लेटमधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

सील काढल्यावर हबच्या आत लांब पंच घाला. दोन बेअरिंगच्या मधे एक नळी असते, ती जराशी बाजूला सरकवली की पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या कडीची धार पंचाला लागते. एकाच जागी ठोकू नका, गोल फिरत हलके घाव घाला, म्हणजे ते तिरकं अडकत नाही. एक निघालं की नळी काढा आणि दुसरं पलीकडून ठोका. निघालेलं बेअरिंग परत वापरायचं नाही, कितीही चांगलं दिसलं तरी.

बसवताना मात्र उलट. नवं बेअरिंग ठोकायचं ते फक्त बाहेरच्या कडीवर. आतल्या कडीवर घाव बसला तर तो छर्ऱ्यांमधून बाहेरच्या कडीकडे जातो आणि छर्ऱ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. वरून काही दिसत नाही, पण थोड्याच दिवसांत घुरघुर परत सुरू होते आणि आपण दुकानदाराला नावं ठेवतो. म्हणून बाहेरच्या कडीच्याच मापाचा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा घ्या. आदल्या रात्री बेअरिंग पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि हब तासभर उन्हात तापू द्या. थंडीने बेअरिंग किंचित आकसतं, उन्हाने ॲल्युमिनियमचा हब फुगतो आणि काम अर्ध्या घावांत होतं. बेअरिंग तळाला टेकलं की घावाचा आवाज बदलतो, बद्द ऐवजी ठणठणीत येतो. तिथे थांबा.

चाक उलटं करा, मधली नळी आत टाका, मगच दुसरं बेअरिंग. नळी विसरलात तर नट आवळताना दोन्ही आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि बेअरिंग लवकर मरतं. दुसरं बेअरिंग नळीला टेकलं की पुरे, आणखी ठोकू नका. झाकणाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस आधीच भरलेलं असतं. आपण ते सीलच्या ओठाला आणि एक्सलला लावायचं. ब्रेकच्या शूजवर थेंबही नको.

जोडताना ब्रेकच्या प्लेटची खाच फोर्कच्या खुंटीत बसलीच पाहिजे. ती सुटली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरून चाक अडकतं. इथे दोघींनीही डोळ्यांनी बघून खात्री करा. मीटरच्या गराडीचे दात हबच्या खाचेत आहेत ना, तेही बघा. गाडी जमिनीवर टेकवून नट पक्का आवळा आणि ब्रेक सेट करा.

बेअरिंग हबमध्ये सैल बसलं किंवा एक्सलवर चर पडलेली दिसली तर घरी पुढे जाऊ नका, गाडी फिटरकडे न्या. मागच्या चाकाचं काम गिअरबॉक्सशी जोडलेलं असतं, तेही त्याच्याकडेच. समूहाच्या छोट्या टेम्पोचं चाक हलवून आवाज ओळखायला आपण शिकावं, पण त्यातली कित्येक बेअरिंग दाबून बसवायला प्रेस मशीन लागतं, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जायचं नाही.

पहिली फेरी अंगणात, हळू, ब्रेक दोन-चार वेळा दाबून. मग गावातल्या गावात एक चक्कर मारा, परत येऊन हबला हात लावा. चटका बसण्याइतका तापला असेल तर काहीतरी घासतंय, चाक परत उघडा. आठवड्याने एक्सलच्या नटाला एकदा पाना लावून बघा.