फिल्टर धुतला आणि फसलो

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या होस्टेलच्या मागे नवीन इमारतीचं काम निघालं आणि खिडकीच्या कट्ट्यावर रोज सिमेंटचा थर साचू लागला. माझ्या रूममेटला लहानपणापासून दमा. म्हणून त्याच्या वडिलांनी घरचा एअर प्युरिफायर रूमवर आणून दिला. महिन्याभरात त्यावर लाल दिवा लागला. नव्या फिल्टरची किंमत ऐकून आम्ही दोघे गप्प! मग डोकं लढवलं. फिल्टर बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवला, खसाखसा धुतला, गच्चीवर वाळवला, परत बसवला आणि रीसेटचं बटण दाबलं. दिवा हिरवा! हवाही आधीपेक्षा जोरात येऊ लागली. पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या रात्री दोन वाजता जाग आली. तो पंप हातात घेऊन कॉटवर बसलेला, धाप लागलेली. शेजारी प्युरिफायर हिरवा दिवा लावून फिरतोच आहे! दमा कशाने उठला ते सांगता येणार नाही. पण सकाळी फिल्टर काढला तर घड्या चिकटलेल्या आणि दोन ठिकाणी फाटलेल्या. हवा जोरात का येत होती, ते तेव्हा कळलं.

मित्रांनो, आमची चूक एकच. फिल्टरला आम्ही चहाची गाळणी समजलो.

या फिल्टरला हेपा म्हणतात. त्याचं मूळ १९४० च्या दशकातल्या अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात आहे. किरणोत्सर्गी कण अडवण्यासाठी तो लागला. त्यात बारीक तंतूंचं जाळं असतं आणि तंतूंमधल्या फटी पुष्कळ कणांपेक्षा मोठ्या असतात! तरी कण अडकतात. मोठे कण वळणावर वळू न शकल्याने तंतूवर आदळतात. अगदी बारीक कण ब्राउनियन गतीने भरकटत तंतूला चिकटतात. मधल्या, साधारण ०.३ मायक्रॉनच्या कणांना पकडणं सगळ्यात अवघड, म्हणून परीक्षा त्यांच्यावरच घेतात. ९९.९७ टक्के अडले तर पास. घरगुती फिल्टरमध्ये बऱ्याचदा तंतूंवर विद्युतभारही दिलेला असतो. पाण्याने आणि साबणाने तो भार जातो, घड्या बिघडतात. फिल्टर दिसतो स्वच्छ, पण काम करत नाही.

आणि तो दिवा? अनेक यंत्रांत तो फक्त किती तास यंत्र चाललं ते मोजतो. रीसेट दाबलं की मोजणी शून्यापासून. फिल्टरची तब्येत त्याला कळत नाही.

आता कामाचं. आधी प्लग काढा, मग :

१) बाहेरची जाळी म्हणजे प्री-फिल्टर. केस, मोठी धूळ इथे अडते. दर दोन आठवड्यांनी ब्रशने झाडा. माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा, नाहीतर बुरशी धरते.

२) हेपाला पाणी नाही. 'धुता येतो' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच अपवाद. झटकू नका, ब्रशने घासू नका. काळा-करडा झाला, हवा मंदावली की बदला. जुना काढताना तोंडाला रुमाल बांधा आणि लगेच पिशवीत बंद करा.

३) कार्बनचा थर वास शोषतो. तो भरला की वास परत यायला लागतो. तोही धुवून चालत नाही.

४) धुळीच्या सेन्सरची भिंग कोरड्या कापसाच्या काडीने महिन्या-दोन महिन्यांनी पुसा.

५) नवीन फिल्टरवरचं प्लॅस्टिक काढलं का ते बघा. हसू नका, पुष्कळ जण विसरतात!

यंत्र भिंतीला चिकटवून ठेवू नका. रूममध्ये डासांची कॉइल लावून प्युरिफायर चालवणं म्हणजे एका हाताने कचरा करायचा आणि दुसऱ्याने झाडायचा. थोडं गणितही करा. १२ × १० × १० फुटांची रूम म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. प्युरिफायर तासाला १७० घनमीटर शुद्ध हवा देत असेल तर तासाला पाच वेळा रूमभर हवा गाळली जाते. फिल्टर तुंबला की हा आकडा घसरतो, मग दिवा कुठल्याही रंगाचा असो. आणि कार्बन डायऑक्साइड तर प्युरिफायर काढतच नाही. तेव्हा बाहेरचं काम थांबलेलं असेल तेव्हा खिडकी उघडाच.

शेवटी आम्ही वर्गणी काढून नवीन फिल्टर आणला. बसवल्याची तारीख मार्करने त्याच्या कडेवर लिहिली आहे. आता दिव्याकडे कोणी बघत नाही. दर दुसऱ्या रविवारी झाकण उघडून फिल्टर डोळ्यांनी बघतो. पाळी माझी असते, आणि मी ती चुकवत नाही.