वय विचारायचे कोणी?

मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा खटला झोपेतही आठवतो. अज्ञान व्यक्तीने, म्हणजे अल्पवयीनाने, केलेला करार मुळातच रद्दबातल! हा नियम वहीत उतरवताना मला मात्र आमच्या गल्लीच्या टोकाचे दारूचे दुकान आठवते. मी सहावीत असताना शेजारच्या एका काकांनी हातात पैसे देऊन मला तेथे पाठविले होते. दुकानदाराने मान वर न करता वर्तमानपत्रात गुंडाळून बाटली दिली, सुटे पैसे मात्र नीट मोजून दिले. रोखीचा व्यवहार, तो रद्द ठरवायला कोर्टात जाणार कोण?

कायदा नाही असे नाही. मद्य हा विषय राज्यसूचीतला, म्हणून प्रत्येक राज्याचे वय निराळे. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ मध्ये मर्यादा १८ वर्षांची आहे, तर परवान्याच्या अटींसंबंधीच्या १९६७ च्या नियमांत २१ ची. एकाच खात्याच्या दोन कागदांवर दोन आकडे! जानेवारी २०२३ मध्ये नियमांतला आकडा १८ वर आणण्याचा मसुदा निघाला आणि टीका होताच मागे घेतला गेला. चंदगडकडे वळलात तर महाराष्ट्रात सौम्य बिअरला २१ आणि कडक मद्याला २५. शिवाय देशभर लागू असलेला बाल न्याय कायदा, २०१५ आहेच. १८ वर्षांखालील मुलाला मद्य देणाऱ्यास कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाकडून मद्य वाहून नेण्यासही कलम ७८ मध्ये हीच शिक्षा आहे. आमच्या काकांना याचा पत्ता नसावा.

मग अडते कोठे? माझ्या मते हिशेबात अडते. अबकारी निरीक्षक दुकानात येतो तेव्हा साठ्याची वही पाहतो, बाटल्या मोजतो. सरकारचा महसूल बाटलीवर आहे, म्हणून बाटलीची नोंद चोख. गिऱ्हाइकाच्या वयाची नोंद कोणत्याच वहीत नाही. ज्याचे व्हाउचर नाही ते तपासणे किती अवघड, हे लेखापरीक्षणाच्या तासाला आपण शिकतोच. आणि वय विचारण्याचे काम कोणावर? विचारल्याने ज्याची विक्री बुडते त्याच्यावर!

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप आहे. त्याला मद्य दिल्यावरून बारचालकांवर गुन्हे दाखल झाले, बारना सील लागले. पण ते नंतर.

ब्रिटनमध्ये अधिकारी अल्पवयीन स्वयंसेवकाला गिऱ्हाईक म्हणून दुकानात पाठवतात. बाटली मिळाली की दुकानदार सापडला. तेथील दुकानदारही 'चॅलेंज २५' पाळतात, म्हणजे पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे वयाचा दाखला मागतात. आपल्याकडे अशी अचानक परीक्षा झाली तर? दंडाने मात्र फारसे साधणार नाही. दुकानदार तो खर्चात धरतो. परवाना आठ दिवस निलंबित झाला तर वर्षाचे शुल्क, भाडे, नोकरांचे पगार चालूच राहतात आणि विक्री शून्य. ही भाषा दुकानदाराला चटकन कळते.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच दुकानावरून जात होतो. हाफ पॅन्टमधला एक पोरगा पिशवी घेऊन उभा होता. दुकानदाराने या वेळी विचारले खरे, "कोणासाठी रे?" "बाबांसाठी," पोरगा म्हणाला. दुकानदाराने बाटली पिशवीत घातली.