एकच मॅक्रो, तीन गावांत तीन तऱ्हा

प्रश्न : नरखेडला तहसील कार्यालयाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, शपथपत्रं, ग्रामपंचायतीचे ठराव असं काम असतं. जुना सगळा मजकूर कृतिदेवमध्ये आहे. तो युनिकोडमध्ये बदलायला वर्डमध्ये एक मॅक्रो करून घेतला होता. दोन कळा दाबल्या की पानभर मजकूर बदलायचा. दुकानात नवा कॉम्प्युटर आला आणि त्या कळा दाबून काहीच होईना. हाच मॅक्रो मी पूर्वी एका फाईलमध्ये उतरवून मोवाडच्या भाच्याला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. त्याने व्हॉट्सॲप वेबवरून ती फाईल घेतली, पण उघडताच लाल पट्टी येते. काटोलच्या मित्राला तीच फाईल पेनड्राइव्हवर दिली, त्याच्याकडे मात्र चालते. पण त्याने मॅक्रोत गावांची नावं घातली तर 'काटोल'च्या जागी पाच प्रश्नचिन्हं उमटतात, आणि मधूनच 'नरखेड'चं 'नरखेउ' होतं. मेकॅनिक म्हणतो व्हायरस आहे, ऑफिस पुन्हा टाकावं लागेल. खरं काय? – एक वाचक, नरखेड

उत्तर : व्हायरसची शंका तूर्त बाजूला ठेवा. मॅक्रो एकच असला तरी तीन गावांतली दुखणी वेगवेगळी आहेत. नरखेडला मॅक्रो जागेवरच नाही. मोवाडला तो आहे, पण त्याला दारातच अडवलं आहे. काटोलला तो चालतो आणि चालता चालता चुकतो. ऑफिस पुन्हा टाकून यातलं एकही दुखणं बरं होणार नाही.

मॅक्रो बंद पडला असं वाटलं की पहिली तपासणी एकच. ऑल्टची कळ दाबून धरा आणि एफ-८ दाबा. लॅपटॉपवर कधी सोबत एफएन ही कळही दाबावी लागते. मॅक्रोंची यादी उघडेल. यादीत नाव नसेल तर मॅक्रो तिथे पोचलेलाच नाही. नाव आहे पण 'रन' म्हटल्यावर नकार येतो, तर सुरक्षेची अडवणूक आहे. नाव आहे, चालतोही, पण निकाल चुकतो, तर दोष मॅक्रोच्या आतल्या मजकुरात आहे. एवढं कळलं की उगाच भलतीकडे शोधाशोध होत नाही.

आता तुमच्या दुकानातलं पाहू. मॅक्रो वर्डमध्ये असतो असं आपण बोलतो, पण तो वर्ड या प्रोग्रॅममध्ये साठवलेला नसतो. तो कुठल्या ना कुठल्या फाईलमध्ये असतो. जागा मुद्दाम निवडली नाही तर तो 'नॉर्मल' नावाच्या एका साच्याच्या फाईलमध्ये जातो. तिच्या नावाच्या शेवटी डीओटीएम अशी अक्षरं असतात. ही फाईल कॉम्प्युटर वापरणाऱ्याच्या खात्यात, ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, टेम्प्लेट्स अशा वाटेने सापडते. नवा कॉम्प्युटर आला की आपण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फाईली उचलतो. हा लपलेला फोल्डर कुणी उचलत नाही. तुमची सगळी शपथपत्रं नव्या मशीनवर आली आणि ती बदलणारा मॅक्रो जुन्या डिस्कवर राहिला. कळाही त्याच साच्यात बांधलेल्या होत्या, म्हणून त्या दाबून काही होत नाही.

इथे आणखी एक गैरसमज आहे. काही जण म्हणतात, मी तर मॅक्रो चालू दस्तऐवजातच ठेवला होता, तरी गेला. वर्ड २००७ पासून साध्या दस्तऐवजाच्या नावाला डीओसीएक्स हे शेपूट लागतं, आणि त्या प्रकारच्या फाईलमध्ये मॅक्रो राहूच शकत नाही. मॅक्रोसकट ठेवायची फाईल डीओसीएम असावी लागते. साठवताना वर्ड तशी सूचना देतो, पण घाईत आपण ती न वाचता 'येस' म्हणतो आणि मॅक्रो त्या क्षणी गळतो. नंतर फाईलच्या नावात एक्सच्या जागी एम लिहून तो परत येत नाही.

तुमच्या बाबतीत उपाय सोपा आहे, कारण मॅक्रोची एक प्रत मोवाडला आणि एक काटोलला आहे. काटोलच्या प्रतीत मित्राने फेरफार केले आहेत, म्हणून भाच्याची फाईल मागवा आणि डिस्कवर उतरवून घ्या. लाल पट्टी तुमच्याकडेही येईल. ती कशी काढायची ते पुढे सांगतो, आधी ती काढा. मग मॅक्रोंच्या यादीत 'ऑर्गनायझर' नावाचं बटण आहे. त्यातून त्या फाईलमधला मॅक्रो तुमच्या 'नॉर्मल' साच्यात उतरवता येतो. कळा मात्र आपोआप येत नाहीत. वर्डच्या ऑप्शन्समध्ये 'कस्टमाइझ रिबन'खाली कीबोर्डच्या कळा ठरवण्याची सोय आहे, तिथे त्या पुन्हा बांधा.

मोवाडची लाल पट्टी जास्त समजून घेण्यासारखी आहे. इंटरनेटवरून फाईल उतरवली की विंडोज तिला एक अदृश्य खूण लावतं : ही बाहेरून आलेली आहे. संत्र्याच्या पेटीवर ती कुठून आली याची चिठ्ठी लावावी, तशी ही खूण. माल नासका आहे असं ती म्हणत नाही, फक्त कुठून आला ते सांगते. पूर्वी अशा फाईलवर पिवळी पट्टी यायची आणि 'एनेबल कंटेंट' दाबलं की मॅक्रो सुरू व्हायचा. मायक्रोसॉफ्टने 2022 साली हा नियम बदलला. आता खूण असलेल्या फाईलमधला मॅक्रो मुळातच अडवला जातो आणि लाल पट्टीवर तो सुरू करायचं बटणच नसतं.

एवढी कडक भूमिका का, हे विचारणं रास्त आहे. 1995 साली 'कन्सेप्ट' नावाचा व्हायरस वर्डच्या दस्तऐवजांतूनच पसरला. मार्च 1999 मधला 'मेलिसा' ईमेलला जोडलेल्या वर्डच्या फाईलमधून आला. फाईल उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना तो स्वतःच पुढे जायचा. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या आज्ञा. त्या कृतिदेवची वेलांटी सरळ करू शकतात, तशाच फाईली पुसूही शकतात. कुणाच्या आज्ञा चांगल्या आणि कुणाच्या वाईट हे वर्डला कळत नाही, म्हणून तो आधी फाईल कुठून आली ते पाहतो.

मग काटोलला तीच फाईल का चालली? विंडोजची ती खूण एनटीएफएस पद्धतीने तयार केलेल्या डिस्कवरच टिकते. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात. त्यांवर फाईल उतरते, खूण उतरत नाही. म्हणून मित्राच्या वर्डला ती फाईल घरचीच वाटली. याचा अर्थ पेनड्राइव्हने आलेली फाईल जास्त शुद्ध असते असा मुळीच नाही. उलट तिथे विंडोजची राखण नसते, म्हणून गावभर फिरणाऱ्या पेनड्राइव्हपासून अधिक जपावं.

भाच्याने करायचं ते एवढंच. आधी तुम्हाला फोन करून ही फाईल तुम्हीच पाठवली ना, हे विचारायचं. मग फाईल बंद करून तिच्यावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि पहिल्याच पानावर तळाशी 'अनब्लॉक'समोर खूण करून 'ओके'. त्या एका फाईलपुरती अडवणूक उठते. मेकॅनिक लोक बऱ्याचदा ट्रस्ट सेंटरमध्ये जाऊन 'सगळे मॅक्रो चालू द्या' हा पर्याय निवडून देतात. ते करू देऊ नका. तुमच्या दुकानात दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, त्यांत आधार कार्डं असतात, जमिनीचे कागद असतात. एका मॅक्रोसाठी सगळ्यांना दार उघडं ठेवणं परवडणारं नाही. डाउनलोड्सचं फोल्डर 'विश्वासू जागा' म्हणून नोंदवण्याचा सल्लाही त्याच कारणाने चुकीचा आहे.

उरलं काटोल, आणि खरी गंमत इथेच आहे. मॅक्रो ज्या खिडकीत लिहितात तो संपादक जुन्या काळचा आहे. युनिकोडमधली देवनागरी तो ओळखत नाही. त्यात 'काटोल' चिकटवलं की प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसतं. दिसायला अक्षरं तीन, पण युनिकोडच्या हिशेबात क, काना, ट, ओकाराची मात्रा आणि ल अशी पाच चिन्हं होतात. म्हणून पाच प्रश्नचिन्हं. म्हणजे मॅक्रो बिघडला नाही, त्याच्या पोटात मुळात प्रश्नचिन्हंच लिहिली गेली आहेत आणि तीच तो इमानाने कागदावर काढतो.

तुमच्या मूळ मॅक्रोत हे होत नाही, कारण ज्याने तो केला त्याला ही अडचण ठाऊक होती. ऑल्ट आणि एफ-११ दाबून आत डोकावलात तर त्यात देवनागरी अक्षर दिसणार नाही, आकडे दिसतील. प्रत्येक चिन्हाचा युनिकोडमध्ये एक क्रमांक आहे आणि तो अक्षरात बदलणारी आज्ञा मॅक्रोत असते. 'काटोल' म्हणजे 2325, 2366, 2335, 2379, 2354. मित्राने गावांची नावं अशी आकड्यांत लिहिली तर ती बिनचूक उमटतील. पण गावं बरीच असतील तर याहून बरी सोय वर्डमध्येच आहे : 'ऑटोटेक्स्ट'. त्यात 'मौजा अमुक, तहसील काटोल, जिल्हा नागपूर' अशी ओळ एकदा साठवली की छोटं नाव टाइप करून एफ-३ दाबायचं. तिथे देवनागरी चालते.

'नरखेउ' कुठून आलं ते पाहायला कृतिदेवच्या आत शिरावं लागेल. कृतिदेवमध्ये आपल्याला मराठी दिसतं, पण फाईलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांच्यावर मराठी चेहरा चढवतो. 'नरखेड' म्हणजे आत यू, जे, उघडा चौकोनी कंस, के, एस आणि मोठा एम. मोठा एम म्हणजे ड, लहान एम म्हणजे उ. तसंच लहान डी म्हणजे क आणि मोठा डी म्हणजे पाय मोडलेला क्. मॅक्रो एकेक अक्षर शोधून बदलत जातो. शोधताना लहान-मोठ्याचा भेद पाळायचा की नाही, हे 'मॅच केस' या खुणेवर ठरतं. ती खूण बंद असेल आणि लहान एमचा नियम आधी आला, तर मोठा एमही त्यातच सापडतो आणि 'नरखेड'चं 'नरखेउ' होतं, 'वाक्य'चं 'वाकय' होतं.

मग हे मधूनच का? कारण शोधण्याच्या खिडकीत शेवटी ज्या खुणा ठेवल्या त्या वर्ड लक्षात ठेवतो. मित्राने सकाळी हाताने काही शोधताना 'मॅच केस' काढली असेल, तर त्यानंतर चालवलेला मॅक्रो तीच सवय उचलतो. प्रत्येक शोधाआधी ही खूण चालू करण्याची एक ओळ मॅक्रोत घातली की प्रश्न मिटतो. नियमांचा क्रमही हलवू नका. कंस आणि के मिळून ख होतो, तर एकटा के म्हणजे काना. कान्याचा नियम आधी चालवला तर ख फुटतो.

या तिन्ही दुखण्यांत मला काळजी वाटते ती काटोलच्या दुखण्याची. मॅक्रो नाहीसा झाला किंवा अडवला गेला तर काम थांबतं आणि आपल्याला कळतं. चुकीचं चालणारा मॅक्रो मात्र काही न सांगता पान भरून देतो. शपथपत्रात गावाचं नाव चुकलं, तर ते दुरुस्त करायला जलालखेड्याहून आलेल्या माणसाला आणखी एक दिवस मोडावा लागतो. म्हणून अवघड शब्दांचं एक पान कृतिदेवमध्ये तयार ठेवा : नरखेड, वाक्य, विहीर, अर्ज. 'विहीर'मधली पहिली वेलांटी कृतिदेवमध्ये अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर येते. 'अर्ज'मधल्या रफाराचं नेमकं उलट. मॅक्रोत काहीही बदललं की आधी हे पान चालवून बघा.

एक दुखणं तुमच्या पत्रात नाही, पण नव्या मशीनवर येऊ शकतं. ऑफिस 2019 पासून 64 बिटची आवृत्ती आपोआप बसते. जुना मॅक्रो विंडोजकडून थेट काही काम करून घेत असेल, तर 'कंपाइल एरर' म्हणून थांबतो आणि त्या ओळी नव्या पद्धतीने लिहून घ्याव्या लागतात. नुसतं अक्षरं बदलणाऱ्या मॅक्रोला याचा त्रास होत नाही. मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमधल्या वर्डमध्ये मॅक्रो चालतच नाहीत, तिथे शोधण्यात वेळ घालवू नका. लिबर ऑफिसमध्ये वर्डचे सगळे मॅक्रो चालतील याचीही खात्री नाही.

मेकॅनिकला मशीन देण्याआधी एक काम करा. वर्ड अडखळू लागला की 'नॉर्मल' ही फाईल पुसून टाकण्याचा उपाय सर्रास केला जातो. वर्ड सुधारतो, कारण तो नवी कोरी फाईल तयार करतो, पण तिच्याबरोबर तुमचा मॅक्रोही जातो. ऑल्ट आणि एफ-११ दाबून डाव्या बाजूच्या यादीत मॅक्रोच्या मॉड्यूलवर उजवं क्लिक करा आणि 'एक्स्पोर्ट फाईल' म्हणा. बीएएस शेपटाची साध्या मजकुराची छोटी फाईल मिळेल. ती स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, आणि एक प्रत मोवाडला भाच्याकडे असू द्या.