वेशीत घेतलेलं नाव

आजचं वाचन : रूथ 4:1-17



रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर एका फेरीत वाचून होतं. लग्नाच्या उपासनेत 1:16-17 हमखास वाचतात. हे शब्द रूथने नवऱ्याला नाही, सासूला म्हटले होते, हे कुणाच्या लक्षातही नसतं. असो.

मी आज 4:10 वर अडकले. पहिल्या अध्यायात नामीचे दोन मुलगे, महलोन आणि खिल्योन, मवाबी मुलींशी लग्न करतात. एक अर्पा, दुसरी रूथ. पण कोण कोणाची बायको, हे तिथे सांगितलेलंच नाही. दहाएक वर्षांत दोघेही वारतात. मग सातूची कापणी येते, रूथ शेतात सरवा वेचते, बवाज भेटतो, खळ्यावरची ती रात्र होते, आणि या सगळ्यात रूथच्या पहिल्या नवऱ्याचं नाव एकदाही येत नाही. ते येतं थेट 4:9-10 मध्ये, बवाजच्या तोंडून. बेथलेहेमच्या वेशीत, दहा वडीलजनांसमोर आणि जमलेल्या लोकांसमोर तो सांगतो की, महलोनच्या विधवेला मी बायको करून घेतोय, म्हणजे त्या मेलेल्या माणसाचं नाव पुसलं जाणार नाही.

रूथ महलोनची होती, हे आपल्याला तिचा दुसरा नवरा सांगतो!

त्याच वेशीत आणखी एकजण आहे, बवाजपेक्षा जवळचा आप्त. जमीन सोडवायला तो लगेच तयार होतो. पण जमिनीबरोबर रूथही येणार म्हटल्यावर मागे सरतो, कारण त्याच्या स्वतःच्या वतनाचं नुकसान होईल. जोडा काढून देतो, विषय संपतो. या माणसाचं नाव लेखक सांगत नाही. मूळ हिब्रूत त्याला नुसतं 'अमका-तमका' असं म्हटलंय.

खरं सांगते, हा अमका-तमका मी आहे. मी बारावीत असताना बाबा गेले. सहा वर्षांनी आईने लग्न करायचं ठरवलं, आमच्याच मंडळीतल्या एका विधुर काकांशी. मी घर डोक्यावर घेतलं. "बाबांचं काय?" एवढंच विचारत राहिले. आई सहा वर्षं एकटी जेवायला बसते, हे मला दिसत नव्हतं असं नाही. माझं घर, माझी आई, माझ्या आठवणी, यांचाच हिशोब चालला होता.

पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा काकांनी आईच्या नावाखाली बाबांचं पूर्ण नाव घालायला सांगितलं. नातेवाईक म्हणाले, बरं दिसत नाही. काका म्हणाले, "छापा." मी त्या दिवशीही विरघळले नाही हं. लग्नात शेवटच्या बाकावर तोंड पाडून बसले होते. ती पत्रिका मात्र अजून माझ्या बायबलमध्ये आहे, आज रूथच्या पानात सरकवली.

4:16 मध्ये नामी बाळाला उराशी धरते. तिचे मुलगे परत आले नाहीत. ती त्यांना विसरली, असंही कुठे लिहिलेलं नाही. तिच्या मांडीवर ओबेद आहे आणि शेजारणी म्हणतायत की नामीला मुलगा झाला.

काकांना मी अजून 'काका'च म्हणते. त्यांना चालतं. रविवारी उपासनेनंतर आम्ही तिघं कबरस्तानात जाणार आहोत. फुलं नेहमी तेच आणतात, या वेळी मी आणते म्हणून मघाशी मेसेज केलाय.

उद्या 4:18-22. वंशावळ आहे म्हणून स्क्रोल करून पुढे जाऊ नका. वेशीत महलोनचं नाव राखायचं ठरलं होतं ना? मग त्या यादीत ओबेदच्या आधी कोणाचं नाव आहे, ते बघून ठेवा.