जुनी शिसपेन्सिल किती जुनी?

तुमच्यापैकी पुष्कळ जण चित्रकलेच्या एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षेला बसत असतील. परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही एचबी, २बी, ४बी अशा पेन्सिलींना नीट टोक काढून त्या कंपासपेटीत ठेवता. पेन्सिल झिजत जाते, तिचा बोटभर तुकडा उरतो आणि शेवटी तो कोठे तरी हरवतो. म्हणूनच ५० किंवा १०० वर्षांपूर्वीची पेन्सिल सापडणे ही साधी गोष्ट नाही. ती बहुधा कोणी जपून ठेवलेली असते, नाही तर पूर्णपणे विसरलेली असते.

शीव कोळीवाड्यासारख्या मुंबईच्या जुन्या वस्तीत अशा विसरलेल्या वस्तू सापडण्याचा संभव अधिक. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, देवळीतला डबा, आजोबांची लाकडी पेटी यांत काय काय असते! पण घर नव्याने बांधायला काढले, की हे सारे जुन्या सामानाबरोबर भंगारात जाते. मग ती पेन्सिल कोणत्या काळातली होती, हे सांगणारा पुरावाही कायमचा नाहीसा होतो. हा पुरावा वाचायचा कसा, ते या लेखात पाहू या.

दोन शिवा शोधायच्या

शीव या शब्दाचा अर्थ सीमा. मुंबई बेटाची सीमा येथे होती, म्हणून या भागाला हे नाव पडले. वस्तूचा काळ ठरवतानाही आपल्याला दोन शिवा आखायच्या असतात. पहिली शीव म्हणजे ‘ही वस्तू अमुक वर्षाच्या आधीची असूच शकत नाही’. दुसरी शीव म्हणजे ‘ही वस्तू अमुक वर्षाच्या नंतरची असण्याचा संभव नाही’. या दोहोंमधील अंतर जितके कमी, तितका आपला निष्कर्ष नेमका.

यातली पहिली शीव सहसा पक्की असते. जी गोष्ट अजून जन्मालाच आलेली नाही, ती वस्तूवर छापली जाणे शक्य नाही. दुसरी शीव मात्र कच्ची असते. जुने नाव छापलेली खोकी नाव बदलल्यावरही काही दिवस वापरली जातात. हार्बर मार्गावरच्या कोळीवाडा स्थानकाचे नाव बदलून गुरु तेग बहादूर नगर झाले, तरी लोकांच्या तोंडी जुने नाव राहिलेच. तसेच हे आहे.

पहिला साक्षीदार : पेन्सिलीचे पोट

पेन्सिलीला आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसे हा धातू नसतो. इंग्लंडमध्ये बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात एक काळा, मऊ खनिज पदार्थ सापडला. तो शिशाचाच प्रकार असावा, अशी लोकांची समजूत झाली. शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ साली तो कार्बन असल्याचे दाखवले आणि १७८९ साली वेर्नर याने त्याला ग्राफाइट हे नाव दिले. समजूत गेली, पण नाव मात्र चिकटून राहिले.

बॉरोडेलचे ग्राफाइट इतके शुद्ध होते, की ते करवतीने कापून त्याच्या चौकोनी कांड्या करता येत. लाकडाच्या पट्टीत खाच पाडायची, तीत कांडी बसवायची आणि वरून लाकडाची पातळ चीप चिकटवायची, अशी जुन्या पेन्सिलीची रचना असे. पुढे इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध जुंपले आणि फ्रान्सला हे ग्राफाइट मिळेनासे झाले. तेव्हा निकोला झाक काँते याने ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती एकत्र मळून, तिच्या कांड्या करून त्या भट्टीत भाजण्याची युक्ती काढली. १७९५ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. माती अधिक घातली की कांडी कठीण व फिकी होते, कमी घातली की मऊ व काळी होते. तुमच्या एच आणि बी यांचे मूळ येथे आहे.

आता पेन्सिलीचे न तासलेले टोक भिंगाखाली धरा आणि दोन गोष्टी पाहा. एक, कांडी चौकोनी आहे की गोल? चौकोनी कांडी दिसली तर पेन्सिल एकोणिसाव्या शतकातली असण्याचा संभव आहे. मात्र सुतार वापरतात त्या चपट्या पेन्सिलीत आजही कांडी चपटीच असते, हे विसरू नका. दोन, लाकडाचा सांधा कोठून जातो? हल्लीच्या पेन्सिलीचे लाकूड दोन सारख्या भागांचे असते आणि सांध्याची रेघ बरोबर कांडीच्या मध्यातून जाते. सांधा एका बाजूला, कांडीच्या काठाला लागून असेल, तर ती खाच व चीप यांची जुनी पद्धत समजावी.

दुसरा साक्षीदार : लाकूड

पेन्सिलीचे लाकूड चाकूने सहज व सारखे तासले गेले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात यासाठी अमेरिकेतील तांबडा सीडार सर्वोत्तम मानला जाई. त्याचा रंग तांबूस आणि वास सुगंधी असतो. हा सीडार तुटपुंजा होऊ लागल्यावर विसाव्या शतकात कॅलिफोर्नियातील इन्सेन्स सीडार वापरात आला. त्याचा रंग थोडा फिका असतो. भारतात हिमालयातील देवदार वापरला गेला आणि आज काश्मीरमधील पॉप्लरचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. पॉप्लर पांढरट असतो व त्याला विशेष वास नसतो. म्हणून जुन्या डब्याचे झाकण उघडताच सुगंध आला, तर ती खूण नोंदवून ठेवा. पण लाकूड रंगवताही येते, तेव्हा नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नका.

तिसरा साक्षीदार : अंगरखा

पेन्सिलीचा पिवळा रंग आपल्या परिचयाचा आहे. हा रंग गाजवला तो ‘कोहिनूर’ पेन्सिलीने. बुडवाइस या गावातील हार्टमुथ कंपनीने १८८९ च्या सुमारास ही पेन्सिल बाजारात आणली आणि तिला प्रसिद्ध हिऱ्याचे नाव दिले. तिच्यावर १५०० हा आकडा असतो. हा आकडा सन नव्हे, तो मालाचा क्रमांक आहे! ती ६बी ते ९एच अशा १७ प्रतींत मिळे. मोजून पाहा: बीच्या ६, एचबी व एफ या २ आणि एचच्या ९. पुढे इतरांनीही पिवळा रंग उचलला. म्हणून पिवळी पेन्सिल पाहून ती कोहिनूर आहे असे म्हणता येत नाही, कालही ठरत नाही.

हिरव्या रंगाची ‘कास्टेल ९०००’ ही जर्मन पेन्सिल १९०५ साली आली. ती आजही तयार होते. म्हणजे या नावावरून १९०५ ही पहिली शीव मिळते, दुसरी मिळत नाही. मागे खोडरबर बसवलेल्या पेन्सिलीचे पेटंट अमेरिकेत हायमन लिपमन याने १८५८ साली घेतले. रबर धरणारी धातूची टोपी दिसली, की तिच्यामुळेही एक शीव आखता येते.

चौथा साक्षीदार : अक्षरे

सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे पेन्सिलीवर दाबून उठवलेली अक्षरे. सोनेरी वर्ख गेला तरी खाचा राहतात. विजेरीचा उजेड बाजूने तिरपा टाकला की त्यांच्या सावल्या पडतात आणि अक्षरे वाचता येतात.

त्यांत देशाचे नाव शोधा. ब्रिटनमध्ये १८८७ साली व हिंदुस्थानात १८८९ साली मालावरील खुणांविषयी कायदे झाले. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. तेव्हापासून ‘मेड इन अमुक’ हे शब्द सर्रास दिसू लागले. नंतर देश बदलले आणि आपल्याला आपोआप तारखा मिळाल्या. बुडवाइसचेच उदाहरण घ्या. १९१८ पर्यंत हे गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये चेकोस्लोव्हाकिया देश जन्माला आला आणि १९९२ च्या अखेरीस त्याचे दोन देश झाले. म्हणून ‘चेकोस्लोव्हाकिया’ हा शब्द १९१८ ते १९९२ असा काळ सांगतो. ‘पश्चिम जर्मनी’ हे नाव १९४९ ते १९९० असा काळ सांगते.

पाचवा साक्षीदार : खोके

पेन्सिलींबरोबर पुठ्ठ्याचे खोके असेल, तर ते कधीही टाकू नका. त्यावरील किंमत आणि पत्ता पाहा.

किंमत आण्यांत असेल तर खोके बहुधा १९५७ पूर्वीचे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली आणि ‘नया पैसा’ आला. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गळाला. म्हणजे ‘नये पैसे’ हा शब्द जेमतेम ७ वर्षांचा काळ दाखवतो.

मुंबईच्या पत्त्यात पूर्वी नुसता टपाल विभागाचा आकडा असे. शीवचा आकडा २२. पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड सुरू झाला आणि ‘बॉम्बे २२’ चे ४०० ०२२ झाले. इंग्रजीतील ‘बॉम्बे’ हे नाव १९९५ साली बदलून ‘मुंबई’ झाले. आणि ८९० या आकड्यांनी सुरू होणारा उभ्या रेघांचा बारकोड असेल, तर ते खोके अलीकडचे. हे आकडे देणारी भारतातील संस्था १९९६ साली स्थापन झाली.

कंपनीचे नावही उपयोगी पडते. मुंबईत जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली, त्या काळी चित्रकलेच्या पेन्सिली मुख्यतः युरोपातून येत. दांडेकर बंधूंचा उद्योग, ज्याला आपण कॅम्लिन म्हणून ओळखतो, १९३१ साली मुंबईत सुरू झाला. जपानच्या कोकुयो कंपनीने २०११ साली त्याचे बहुसंख्य भाग घेतल्यावर तो ‘कोकुयो कॅम्लिन’ झाला. नटराज व अप्सरा पेन्सिली करणारी हिंदुस्थान पेन्सिल्स ही मुंबईचीच कंपनी १९५८ सालची आहे.

साक्षी तपासू या

समजा, शीव कोळीवाड्यातील एका घरात पत्र्याचा एक डबा सापडला. घरातील मंडळी म्हणतात, “आजोबांनी १९३५ साली चित्रकलेच्या परीक्षेसाठी घेतलेल्या या पेन्सिली.” डब्यात तीन वस्तू आहेत: ‘चेकोस्लोव्हाकिया’ अशी अक्षरे असलेली पिवळी ४एच कोहिनूर, एक हिरवी कास्टेल ९००० आणि ‘बॉम्बे २२, ६० नये पैसे’ असे छापलेले एक रिकामे खोके.

कोहिनूर १९१८ ते १९९२ मधली. कास्टेल १९०५ नंतरची. खोके १९५७ ते १९६४ च्या आसपासचे. आता निष्कर्ष काय? दोन्ही पेन्सिली १९३५ च्या असू शकतात, पण त्या तशा आहेतच असे सिद्ध होत नाही. खोके मात्र १९३५ चे असणे अशक्य. म्हणजे डबा शेवटचा भरला गेला तो १९५७ नंतर. आजोबांची आठवण खोटी ठरली का? नाही. जुन्या पेन्सिलींच्या डब्यात नंतर कोणी तरी खोके ठेवले असेल. एकत्र सापडलेल्या वस्तूंत सर्वांत नवी वस्तू त्या संचाची पहिली शीव ठरवते. उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ नाण्यांच्या बाबतीत हाच नियम वापरतात.

कार्बन–१४ का नको?

तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी विचारील, “प्रयोगशाळेत कार्बन–१४ मोजून वय काढता येणार नाही का?” प्रश्न चांगला आहे. पण ग्राफाइट हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे खनिज. कार्बन–१४ चा अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षे असल्याने ग्राफाइटमध्ये तो मुळी उरलेलाच नसतो. लाकडाचे मापन करता येते, पण त्यातून लाकडाचे ते वलय केव्हा वाढले हे कळते, पेन्सिल केव्हा झाली हे नव्हे. शिवाय साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातील कार्बन–१४ चे प्रमाण असे वरखाली झाले, की एकाच मापनाला अनेक वर्षे जुळतात. १९५५ नंतर अणुचाचण्यांमुळे हे प्रमाण एकदम वाढले, त्यामुळे त्यानंतरचे लाकूड ओळखता येते. पण त्यासाठी पेन्सिलीचा तुकडा जाळावा लागतो! साधे भिंग येथे अधिक कामाचे.

करून पाहा

आपल्या घरातील व शेजारच्या जुन्या पेन्सिली गोळा करा. प्रत्येकीसाठी नोंदवहीत एक पान ठेवा. लांबी, कडांची संख्या, कांडीचा आकार, सांध्याची जागा, लाकडाचा रंग व वास, अक्षरे आणि ती कोठे व कशाबरोबर सापडली, हे लिहा. शेवटी दोन शिवा लिहा. दुसरी शीव मिळाली नाही, तर ती जागा कोरी सोडा. अंदाजाने भरू नका.

तीन गोष्टी मात्र पाळा. जुन्या पेन्सिलीला टोक काढू नका, कारण टोक काढले की पुरावा गेला. ती पाण्याने धुऊ नका, कारण जुना सरस पाण्यात सुटतो व लाकडाचे दोन भाग वेगळे होतात. आणि ती तोंडात घालू नका. कांडीत शिसे नसले, तरी जुन्या रंगात शिशाची विषारी संयुगे असू शकतात. हाताळल्यावर हात धुवा.

आता खालील प्रश्न सोडवा आणि आपली उत्तरे वर्गात शिक्षकांना दाखवा.

१. एका खोक्यावर ‘बॉम्बे ४०० ०२२’ असा पत्ता आहे. त्याच्या दोन शिवा कोणत्या? त्यांपैकी कोणती अधिक पक्की, व का?

२. एका पेन्सिलीवर ‘पश्चिम जर्मनी’ असे आहे. ती १९४२ साली विकत घेतली, असे मालक सांगतो. तुम्ही काय म्हणाल?

३. एका पेन्सिलीचे टोक चाकूने काढलेले आहे. एवढ्यावरून ती जुनी ठरते का? तुमच्या चित्रकलेच्या शिक्षकांचे हात पाहून उत्तर द्या.