आठवड्याच्या अखेरचे उपकारस्मरण

आठवडा कष्टाचा गेला, मजुरी थोडी मिळाली, घरात दुखणे आले. अशा संध्याकाळी उपकार कशाबद्दल मानावे, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. प्रिय बंधुभगिनींनो, आकुर्डीकडे पाहा. तेथील पुष्कळ कारखाने रविवारी नव्हे, तर गुरुवारी बंद असतात. विजेचा भार वाटला जावा म्हणून निरनिराळ्या भागांस सुट्टीचे निरनिराळे वार नेमून दिले गेले. म्हणजे एक विसावा घेतो तेव्हा दुसरा राबत असतो.

हा विसावाही आयता मिळालेला नाही. पूर्वी मुंबईच्या गिरणी कामगारांस आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली कामगारांची सभा भरविली. सुमारे ५,५०० कामगारांनी मागणीच्या अर्जावर सह्या केल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली, उपकार मानणे म्हणजे दुःख झाकणे नव्हे. ज्यांनी आपले कष्ट उघड सांगितले, त्यांच्यामुळेच पुढच्यांस विसावा लाभला. दुसरी, वाईट आठवड्यातही आपणांस सावरणारे हात असतात, मात्र ते शोधावे लागतात.

म्हणून आज दिवा लागल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. प्रत्येकाने आठवड्यातील एक दुःख सांगावे. मग ते ज्याने हलके केले त्याचे नाव घ्यावे. उसने पीठ देणारी शेजारीण असो, की आजाऱ्याजवळ रात्रभर जागलेला भाऊ असो. देवाचे उपकार मानताना ती नावे विसरू नयेत, आणि उद्या त्या माणसांस भेटून तसे सांगावे.